उपाशी पट्टा

सत्तेचाळिसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, प्रयोगशाळेतल्या यंत्रानं कागद बाहेर टाकला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि मग उलटून मागची बाजूही पाहिली. मागे काही छापलेलं नव्हतं. त्यातल्या त्यात तीच बाजू बरी होती.

पुढच्या बाजूला दोन आकडे होते. पहिल्या पट्ट्यातलं तेल एकोणसाठ टक्क्यांनी कमी झालं होतं, दुसऱ्यातलं अठ्ठावन्न टक्क्यांनी. एखाद्या साध्या माणसाला एवढ्यावर आनंद झाला असता. बाई सूक्ष्मजीवशास्त्राच्या असल्यामुळे त्यांना घाम फुटला.

दुसऱ्या पट्ट्याचं काम स्वच्छ होणं हे नव्हतंच. साठ दिवस जसं आहे तसं घाण राहायचं, एवढंच त्याचं काम होतं. इतकं सोपं काम जगात फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि त्यानं तेही धड केलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी एक तेलवाहू जहाज बंदराबाहेरच्या खडकावर चढून बसलं होतं. वरवरचा तवंग गोळा झाला, फोटो काढून झाले, पण नऊशे मीटर किनाऱ्याच्या वाळूत हातभर खोल मुरलेलं तेल तसंच राहिलं. त्यावर दोन उपाय पुढे आले. एक होता खोदकामाच्या कंत्राटदारांचा: वरची हातभर वाळू खरवडून ट्रकांत भरायची आणि लांब कुठेतरी नेऊन टाकायची. किनारा सफाई विभागात या गृहस्थांना सगळे 'फावडे' म्हणत. आडनाव वेगळं होतं, पण आता तेही फोनवर "हं, फावडे बोलतोय" असंच म्हणत. दुसरा उपाय बाईंचा. वाळूत तेल खाणारे जंतू मुळातच असतात. त्यांना नत्र आणि स्फुरद कमी पडतं म्हणून ते रेंगाळतात. तेवढं पुरवलं की झडझडून जेवतात. तेव्हा खताच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या टाकायच्या आणि वाळू जागच्या जागी राहू द्यायची.

हे ऐकून विभागाच्या साहेबांनी विचारलं होतं, "म्हणजे जंतू बाहेरून मागवायचे नाहीत?"

"नाही, इथलेच आहेत."

"इथलेच? मग त्यात नवीन काय?"

त्या दिवसापासून बाई 'जंतूबाई' झाल्या.

तरी साहेबांच्या समितीनं चाचणी मंजूर केली. दोन पट्टे, मध्ये वीस पावलं मोकळी जागा. लाल झेंड्यांच्या पट्ट्याला दर सोमवारी चार किलो खत. पांढऱ्या झेंड्यांच्या पट्ट्याला काही नाही. साठाव्या दिवशी दोन्हींत फरक दिसला, तर सगळ्या किनाऱ्याला खत. नाही दिसला, तर एकसष्टाव्या दिवशी फावड्यांची यंत्रं.

बाईंना तो फरक फार हवा होता, आणि केवळ विज्ञानासाठी नव्हे. किनाऱ्यामागच्या पहिल्याच ओळीत त्यांच्या मामांचं घर होतं. मामांनी बांधलं तेव्हा ते तिसऱ्या ओळीत होतं. पुढच्या दोन ओळी समुद्रानं कधी आणि कशा नेल्या, हे मामा बोटावर मोजून सांगत. आता वरची हातभर वाळू गेली, की समुद्र सरळ मामांच्या स्वयंपाकघरात येऊन बसणार. हे कळायला प्रयोगशाळा लागत नव्हती.

शनिवार-रविवार बाईंनी यंत्राला छळण्यात घालवला. सगळ्या बाटल्या पुन्हा धुतल्या. चिठ्ठ्या काढून पुन्हा चिकटवल्या. तेच नमुने तिसऱ्यांदा तपासले. यंत्रानं तेच आकडे तिसऱ्यांदा दिले, आणि या वेळी त्याच्या घरघरीत जरा वैताग आहे असं बाईंना वाटलं. घरी आल्यावर त्यांनी फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"तू जरा बसतेस का?" नवऱ्यानं विचारलं.

"बसलेच आहे."

"तू उभी आहेस. फ्रिजचं दार धरून."

"भरतीचं पाणी एका पट्ट्यातलं खत दुसऱ्या पट्ट्यात नेत असेल का?"

"मी बँकेत आहे," नवरा म्हणाला. "मला भरतीचं काही विचारू नकोस. आणि आधी ते दार लाव, आतलं सगळं चाचणीला बसलंय."

सोमवारी, पन्नासाव्या दिवशी, बाईंनी ऑफिसात डोकं दुखतंय असं कळवलं आणि किनारा गाठला. एरवी त्या गुरुवारी यायच्या, नमुने घ्यायला. प्रयोगशाळा दोन तासांवर होती. त्यांनी पांढऱ्या झेंड्यांच्या मधोमध वीतभर खड्डा केला, तळाशी साचलेलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात औषधाचे तीन थेंब टाकले. पाण्यात नत्र नसेल तर काही होत नाही. असेल तर गुलाबी रंग येतो. नळी एखाद्या लग्नाच्या मंडपासारखी गुलाबी झाली.

म्हणजे कुणीतरी इथं खत टाकत होतं. बाईंच्या डोळ्यांसमोर आधी फावडेच आले. फरक दिसलाच नाही पाहिजे, एवढंच तर त्यांना हवं होतं! बाईंना इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. शत्रू सापडला की निम्मा ताप उतरतो. एक होडी उपडी पडलेली होती, तिच्यामागे त्या दबा धरून बसल्या. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दबा धरणं सोपं नसतं. गुडघ्यांनी लगेच निषेध नोंदवला.

अकराच्या ठोक्याला मामा आले.

पट्ट्यांचे राखणदार मामाच होते. तेलकट वाळूवर दिवसभर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून बाईंनीच, नात्याचा उल्लेख न करता, साहेबांना सांगून त्यांना ठेवलं होतं, आणि सोमवारचं खत टाकायचं कामही त्यांच्याकडेच दिलं होतं. मामा चौतीस वर्षं एका शाळेच्या वसतिगृहाच्या खानावळीत आचारी होते. तिथं पहिली पंगत अकराला बसायची, तेव्हापासून त्यांच्या अंगातच अकरा वाजत.

त्यांच्या एका हातात बादली होती, दुसऱ्यात लांब दांड्याचा डाव. लाल झेंड्यांच्या टोकापासून त्यांनी सुरुवात केली. डावभर गोळ्या, मनगटाचा एक झटका, एक पाऊल पुढे. वाळूवर गोळ्या अशा एकसारख्या पडत होत्या की बाईंना होडीमागेही कौतुक वाटलं. बादली निम्मी झाली. मामा थांबले, कंबर सरळ केली, आणि वीस पावलं चालून पांढऱ्या झेंड्यांत शिरले.

डावभर गोळ्या, मनगटाचा झटका, एक पाऊल पुढे. शेवटच्या टोकाला पोचल्यावर मामांनी बादली पालथी करून तळ ठोकला आणि वाळूकडे बघून म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

"मामा!"

मामा दचकले नाहीत. खानावळीत पाठीमागून ओरडणारे रोज तीनशे असत. "अगं, तू? आज गुरुवार आहे की काय?"

"हे काय करताय?"

"वाढतोय."

"इकडे?"

"मग? इकडचे काय वाऱ्यावर जगतात?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, पांढऱ्याला काही द्यायचं नाही?"

"तू सांगितलंस, पांढऱ्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही. नाही लावू दिला. तो कुत्रा फिरवणारा यायचा, त्याला हाकलला. शाळेच्या पोरी बादल्या घेऊन साफ करायला आल्या, त्यांना परत पाठवलं, बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. तुझे साहेब स्वतः आले होते फोटो काढायला, त्यांनासुद्धा म्हटलं, झेंड्याच्या बाहेरून काढा." मामांनी डाव बादलीत टाकला. "हात कुणी नाही लावला. वाढायचं तेवढं वाढलं."

"केव्हापासून?"

"दुसऱ्या सोमवारपासून. पहिल्या सोमवारी तू स्वतः चार किलो त्या लाल झेंडेवाल्यांनाच घातलंस. मी काही बोललो नाही, म्हटलं पोरीचा पहिला दिवस, होतं असं. दुसऱ्या सोमवारी चारही किलो यांना दिले. फिट्टंफाट. तेव्हापासून दोन-दोन."

बाई मटकन वाळूवर बसल्या. तेलाचा डाग बसणार होता, पण पट्टा आता इतका स्वच्छ होता की डागही बसला नाही. त्यानं त्यांना आणखीच रडू आलं.

चूक कुणाची होती हे त्यांना लख्ख कळत होतं. मामांच्याच स्वयंपाकघरात, सोप्या भाषेत सांगावं म्हणून, त्यांनी सांगितलं होतं: मामा, हे जंतू म्हणजे जेवायला बसलेली पोरं समजा. ताटात नुसतं तेल. मीठ नाही, काही नाही, घास उतरत नाही. आपण वरून थोडं वाढायचं. मामांनी विचारलं होतं, आणि दुसऱ्या पट्ट्यातल्यांना? त्यांना नाही, बाई म्हणाल्या होत्या, ते नुसते बघत बसतील. मामा गप्प झाले होते. बाईंनी ती संमती समजली.

ज्या माणसानं आयुष्यभर एकच पाप मानलं होतं, आणि ते म्हणजे पंक्तिप्रपंच, त्याला त्यांनी हे सांगितलं होतं. मुख्याध्यापकांनी शिक्षा म्हणून एका खोलीतल्या मुलांचं जेवण बंद केलं, तेव्हा मामांनी सगळ्या वसतिगृहाचं जेवण अर्धा तास उशिरा काढलं होतं, आणि मुख्याध्यापकांचंही. हा किस्सा बाईंनी लहानपणापासून शंभरदा ऐकला होता. शंभरदा ऐकलेल्या गोष्टीचा उपयोग करावा असं सुचत नाही, एवढंच.

"पण सगळं साफ झालंय की," मामा म्हणाले. "मग तुझा चेहरा असा का?"

"साफ झालंय म्हणूनच."

"म्हणजे तुला घाण हवी होती?"

"हो! एका पट्ट्यात हवी होती. म्हणजे कळलं असतं की खतानं फरक पडतो. आता दोन्ही सारखे. समिती म्हणणार, खत घाला नाहीतर नका घालू, सारखंच. आणि एकसष्टाव्या दिवशी फावडे यंत्रं घेऊन येणार, वाळू नेणार, आणि मग मामा, तुमच्या स्वयंपाकघरात..."

मामांनी घराच्या दिशेनं पाहिलं. मग पांढऱ्या पट्ट्याकडे.

"तरी एक सांगतो," ते शेवटी म्हणाले. "चार किलो जास्तच होतं. दोनात भागतंय. मला विचारशील तर दीडसुद्धा पुरेल."

सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं होतं.

पुढचे दहा दिवस बाईंना एका जागी कुणी पाहिलं नाही. त्यांनी जहाजाच्या टाकीतल्या मूळ तेलाचा नमुना मिळवला. झेंड्यांच्या पलीकडच्या, कुणीही न वाढलेल्या किनाऱ्यावरून वीस ठिकाणचे नमुने आणले. तेलात एक घटक असा असतो की त्याला जंतू तोंड लावत नाहीत, पानात तसाच ठेवतात. त्याच्या हिशेबानं बाकीचं किती गेलं हे ताडता येतं. उपाशी किनाऱ्यावरचं तेल तेरा टक्के कमी झालं होतं. दोन्ही पट्ट्यांतलं आता साठ टक्के. तेरा आणि साठ! बाईंनी प्रयोगशाळेत एकटीनं टेबलावर थाप मारली, मग घाईघाईनं काचेचं काही हललं का ते पाहिलं.

अडचण एवढीच होती की मंजूर आराखड्यात दोनच पट्टे होते. तिसऱ्याचा आराखड्यात पत्ता नव्हता, आणि विभागात जे आराखड्यात नसतं ते किनाऱ्यावरही नसतं. शिवाय राखणदारानं खत टाकलं हे सांगायचं, तर तो राखणदार कोण, कुणाचा, कुणी आणला, हे ओघानंच येणार. बाईंनी खुलाशाचं पत्र अकरा वेळा लिहिलं. अकराव्या पत्रात खत आपण होऊन पांढऱ्या पट्ट्यात गेलं होतं.

साठाव्या दिवशी समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सहा खुर्च्या. फावडे कोपऱ्यात, मांडीवर यंत्रांची पुस्तिका. राखणदाराची सही लागते म्हणून मामाही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"विचारलं तरच बोला," बाईंनी जिन्यात बजावलं होतं.

"मी कशाला बोलतोय?" मामा म्हणाले होते.

"बाई," साहेबांनी चष्मा पुसत सुरुवात केली, "एका ओळीत सांगा. फरक आहे की नाही?"

"दोन ओळी लागतील, साहेब."

"एक."

"दोन्ही पट्ट्यांत साठ टक्के. बाकीच्या किनाऱ्यावर तेरा. कारण पांढऱ्या पट्ट्यालाही खत मिळालं. दोघांनाही दोन-दोन किलो."

"मिळालं म्हणजे? आभाळातून?"

फावडे मान खाली घालून हसले. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याच्या अडचणीत हसताना तो निदान मान खाली घालत असे.

बाईंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. साहेबांनी कागद उलटसुलट केला. साहेबांनाही यंत्रं नको होती. वाळू नेऊन टाकायची कुठे हे अजून ठरलं नव्हतं, आणि ज्या ज्या गावाला विचारलं त्या त्या गावानं आधी साहेबांनाच तिकडे टाकायची तयारी दाखवली होती. त्यांनी बाईंकडे चष्म्यावरून पाहिलं आणि आवाज मऊ केला.

"म्हणजे असं आहे का बाई, की तुम्ही मध्येच ठरवून आराखडा बदललात? दोन्हींना निम्मी मात्रा, आणि तुलनेला बाकीचा किनारा? ठरवून? तसं असेल, तर लिहिता येईल. कळवायचं राहिलं, एवढीच तुमची चूक. ती आम्ही समजून घेऊ."

खोलीत एकदम वारा आल्यासारखं झालं. किती छोटा शब्द होता! त्यानं किनारा वाचत होता, मामा वाचत होते, विज्ञानाचा निष्कर्षसुद्धा बदलत नव्हता. बाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली, सोडली, पुन्हा धरली.

"हो," त्या म्हणाल्या. "ठरवून."

"छान," साहेब म्हणाले आणि नोंद पूर्ण व्हावी म्हणून सहज मामांकडे वळले. "आणि तुम्हाला बाईंनी तशी सूचना दिली होती. दोन-दोन किलोची."

मामा उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की एखादा दगड गप्प बसला असता.

"छे हो," मामा म्हणाले. "तिनं सांगितलं होतं, चार किलो तिकडे आणि इकडे ठणठणाट. तिला कुठलं कळतंय? दोन किलोत भागतं हे माझं आहे. चौतीस वर्षं वाढलंय साहेब, कुणाला किती लागतं हे मला ताटाकडे बघून कळतं."

"मामा..." बाई पुटपुटल्या.

"मामा?" साहेब म्हणाले.

"मामा!" फावडे म्हणाले, आणि या वेळी त्यांनी मान वर केली. "साहेब, माझं काही म्हणणं नाही. पण आत्ता 'ठरवून' म्हणाल्या, आणि तसं काही ठरलेलं नव्हतं. मग ते तेरा आणि साठ पण बाईंचेच आकडे ना? मी आपलं विचारतो."

दहा दिवस राबून काढलेला खराखुरा तेरा आता त्या एका शब्दाशेजारी बसला होता आणि दोघं सख्ख्या भावांसारखे दिसत होते. नमुने खरे होते, यंत्र खरं होतं, आणि कुणी का विश्वास ठेवावा याचं एकही कारण त्यांना सांगता येईना.

"साहेब, मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मघाशी. आकडे खरे आहेत. पण ते तुम्ही माझ्याकडून ऐकू नका."

"मग कुणाकडून ऐकू?"

"आकडे कशाला ऐकता?" मामा अजून उभेच होते. "दहा मिनिटांवर आहे. चला की. कोण जेवलंय आणि कोण उपाशी आहे, हे बघायला काय यंत्र लागतं?"

समितीला जेवणाआधी पाय मोकळे करायला काही हरकत नव्हती. ओहोटी होती. साहेब पॉलिश केलेल्या बुटांत, दोन्ही हात मागे बांधून, लाल पट्ट्यातून चालत गेले. वाळू तपकिरी, बूट कोरडे. मधली वीस पावलं वरच्या दगडी बांधावरून टाकली. पांढऱ्या पट्ट्यातून गेले. वाळू तपकिरी, बूट कोरडे. मग शेवटचा झेंडा ओलांडून त्यांनी ऐटीत पुढचं पाऊल टाकलं, त्याच्या पुढचं टाकलं, आणि तिसरं टाकायला गेले तेव्हा पाय आला, बूट आला नाही.

साहेब एका पायावर उभे राहिले. फावड्यांनी धावत जाऊन त्यांना धरलं आणि दोघंही घोट्यापर्यंत काळ्या लगद्यात गेले. समितीतले एक वयस्कर सभासद, जे दोन महिन्यांत एकदाही काही बोलले नव्हते, ते म्हणाले, "फरक आहे."

मामांनी बांधाशी ठेवलेल्या बादलीतला डाव आणला, बूट उकरून काढला आणि दोन बोटांनी धरून साहेबांना दिला. "हे उपाशी," ते म्हणाले.

निर्णयाचं पत्र चार दिवसांनी आलं. एरवी बाईंनी असलं पत्र उभ्याउभ्या वाचलं असतं. या वेळी त्यांनी ते जिन्यात, रस्त्यात आणि सिग्नलपाशी तुकड्यातुकड्यांनी वाचलं. वाळू हलवायची नाही. सगळ्या किनाऱ्याला, पट्ट्याएवढ्या जागेला आठवड्याला दोन किलो या प्रमाणात, खत घालायचं. खत पसरण्याचं काम, त्यांच्याकडे माणसं आणि ट्रक तयार असल्यामुळे, फावड्यांना. यातलं काही पुढेमागे कुणी विचारलं तर उत्तर असावं, म्हणून किनाऱ्याच्या टोकाचा एक नवा पट्टा साठ दिवस पूर्ण उपाशी. तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेकडे. समितीसमोर चुकीची माहिती दिल्याबद्दल संबंधित तज्ज्ञ बाईंचा या कामाशी कोणताही संबंध राहणार नाही, आणि त्यांना आकडे कळवले जाणार नाहीत. राखणदार म्हणून, अनुभव लक्षात घेता, जुनेच गृहस्थ राहिल्यास हरकत नाही. मात्र नव्या पट्ट्याजवळ खत नेऊ नये.

मामांनी पत्र बाईंकडून वाचून घेतलं आणि नोकरी नाकारली.

"अहो पण का? घर वाचलं, तुमचं दोन किलो मान्य झालं..."

"उपाशी बसलेल्यांवर पहारा द्यायचा, हे मला जमणार नाही. त्याला तुरुंगातला माणूस बघा म्हणावं."

सोमवारी बाईंना प्रयोगशाळेत दुसरं काम होतं, ते तसंच टाकून त्या आल्या. येऊन करण्यासारखं काही नव्हतं. झेंड्यांच्या आत जायला बंदी होती. मामा दगडी बांधावर बसलेले होते, म्हणून त्याही बसल्या, उठल्या, बांधाच्या टोकापर्यंत जाऊन आल्या, पुन्हा बसल्या. कुठल्या पट्ट्याचा किती टक्के झाला असेल हे त्या नुसत्या डोळ्यांनी ठरवायचा प्रयत्न करत होत्या, आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता.

अकरा वाजले. फावड्यांची माणसं पोती घेऊन वाळूवर उतरली आणि खरोखरच्या फावड्यांनी खत उडवू लागली.

"बघ, बघ कसे फेकतायत," मामांना राहवेना. "कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखे. एका ठिकाणी ढीग, दुसरीकडे काही नाही. अहो, मनगटातून! मनगटातून फिरवा!"

माणसांनी हात हलवून नमस्कार केला. वाऱ्यानं त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

उपाशी पट्टा डाव्या हाताला होता. नवे पांढरे झेंडे, मध्ये काळी, ओली वाळू. मामा मुद्दाम उजवीकडे तोंड करून बसले होते.

"तिकडचे कसे आहेत गं?" त्यांनी न वळता विचारलं.

"काळे आहेत."

"साठ दिवस?"

"साठ दिवस. आणि मामा, या वेळी ते साठ दिवस काळे राहिले नाहीत, तर फावडे पुन्हा यंत्रांची पुस्तिका उघडणार. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय की. मी काय लहान आहे?" मामा थोडं थांबून उठले. "पाय आखडले. जरा तिकडून फिरून येतो."

"कुठून?"

"असंच. तिकडून."

बाईंनी त्यांचा हात धरला. "खिसा दाखवा."

"काही नाही त्यात. रुमाल आहे."

"दाखवा."

मामांनी समुद्राकडे बघत खिसा उलटा केला. रुमाल निघाला, चष्म्याची डबी निघाली, आणि खताच्या पंधरा-वीस गोळ्या बाईंच्या तळहातावर पडल्या.

"एवढ्यानं काय होतंय?" मामा म्हणाले. "नुसतं तोंड ओलं झालं असतं त्यांचं."

बाईंनी गोळ्या पर्समध्ये टाकल्या, चेन लावली, आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या.